तानूबाईचा दात

नरोली, सिल्वासा
१८ फेब्रुवारी

समाधानच्या बापास,

नमस्कार. हा तुमच्या वयाला आहे, वागणुकीला नाही.

पत्र पाहून घाबरू नका, कुणी मेलेलं नाही. फोन लावला की तुम्ही माझा आवाज ओळखता आणि लाल बटण दाबता. सगळ्या फोनमधलं तेवढं एक बटण तुम्हाला बरोबर सापडतं. पत्राला बटण नसतं. हे सदाशिव मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तुम्हाला उठता येणार नाही, कारण चहा त्यांनी पाजलेला असेल.

सदाशिव भाऊ, राम राम. पत्र शक्यतो टपरीवर वाचू नका. टपरीवर वाचायचंच असेल तर मोठ्याने वाचा. अर्धवट ऐकलं की लोक उरलेलं आपल्या मनाने जोडतात.

लिहिणारी रोशनी आहे. मी बोलते, ती लिहिते. काही शब्द ती गाळते. मला अक्षर कळत नसलं तरी तेवढं कळतं, कारण मी बोलत असते आणि तिचा हात हलत नसतो.

तर तुमच्या याच नातीच्या, रोशनीच्या, लग्नाची तारीख धरली आहे. अखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, रविवार. जागा इथलीच, कंपनीच्या मागचा हॉल. जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. नथ तयार आहे. तार आहे, सोनं आहे, दोन बाजूंचे बारीक मणी आहेत. मधली जागा रिकामी आहे. ती जागा तुमच्या टोपीत आहे आणि टोपी तुमच्या डोक्यावर आहे, म्हणून हे पत्र.

रोशनी लिहिता लिहिता विचारते, आजी, विकतचा मोती बसवला तर काय बिघडतं? मी तिला सांगते आहे, तुम्हीही ऐका, म्हणजे आपण वेगळ्या घरातले नाही हे लक्षात राहील. आपण तापीच्या डोहातून शिंपले काढणारे. घरातल्या माणसाने स्वतः बुडी मारून काढलेला मोतीच घरातल्या मुलीच्या नथीत बसतो. पुरुष बुडी मारतो. बायको काठावर दोर धरते. शिंपलं वर आलं की ते पुरुषाने उघडायचं नाही, बायकोने उघडायचं. मोती निघाला तर तिनेच दातावर घासायचा. रवाळ लागला तर खरा, काचेसारखा सरकला तर खोटा. आणि मग सोनारांकडे जाऊन विकायचाही तिनेच. मोती माझ्या सासूने विकले, तिच्या सासूने विकले आणि शहाद्याचे सोनार माझ्याकडून घेताना भिंग काढत नव्हते. "तानूबाईने दात लावला का?" एवढंच विचारायचे.

साखरपुड्याचं तुम्ही गावभर काय सांगितलंत ते तुमच्या पुतण्याच्या, गोकुळच्या, फोनवरून कळलं. 'बायकोने पाहुण्यांत अब्रू घेतली.' घडलं ते असं. पंगत बसायची होती. तुम्ही टोपी काढली, शिवणीतून कापसाची गुंडाळी काढली, त्यातून मोती काढला आणि सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवला. "घास." मी घासला. माझं कामच ते. नवीन दात बसवून आठवडा झाला होता, पांढरेशुभ्र, बघणारे बघत होते, मलाही ते दाखवायचे होते, हे मी नाकारत नाही. मोती सरकला. मी म्हटलं, "काच आहे." मग पाहुणे हसले, त्यात माझा काय दोष? मी हसले नाही. मी फक्त म्हटलं, की म्हातारपणी माणूस बाजारातून मोती आणतो आणि डोहाचं नाव सांगतो. एवढंच. तुम्ही मोती उचललात आणि बट्टी अर्धी टाकून धुळ्याच्या बसला जाऊन बसलात. तूपही तसंच राहिलं.

ते विसरा. तापीत अजून पाणी आहे, तुमच्यात अजून दम आहे असं तुम्ही सांगत असता. दुसरा मोती काढा किंवा कुठून आणला ते कबूल करा, पण या. नवऱ्या मुलाची, संजूची, आई कमळाबाई परवा राखोलीहून येऊन गेली. म्हणते, "अहो तानूबाई, कशाला एवढं? वापीला किती छान नथी मिळतात, चिमट्याच्या. नाकही टोचायला नको." तिने एक आणलीसुद्धा. मोती एवढे, की मुलगी नथ घालणार की नथ मुलीला घालणार ते कळेना. तुमच्याकडून उत्तर नाही आलं तर लग्नात तीच दिसेल.

समाधान ठीक. त्याच्या धाग्याच्या कंपनीत पाळी बदलली.

तुमची,
(रोशनी म्हणते, इथे नाव लिहितात. तुम्हाला माहीत आहे कोण.)


नरोली
११ मार्च

समाधानच्या बापास,

उत्तर मिळालं. वाचून घेतलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' असं तुम्ही बोलला असाल असं वाटत नाही. सदाशिव भाऊ, शाळा सुटून तुम्हाला किती वर्षं झाली? 'ती बाई' आणि 'तिचं तोंड' मात्र त्यांचेच शब्द आहेत, ते मी ओळखले.

तर तुमचं म्हणणं, मोती डोहातलाच होता, दिवाळीनंतर स्वतः काढला, आणि आता तुम्ही गावातल्या पाच माणसांसमोर रोज बुडी मारणार, नवा काढणार, आणि मला पाठवणार. पाठवा. पण तुमचं वय काय आणि मार्चचं पाणी काय. आता खाली धरण झालं, डोह पूर्वीचा राहिला नाही. कान फुटतील. फुटले तरी काय म्हणा, असे तरी कुठे ऐकता.

ते नंतर. आधी माझं ऐका, माझ्या घरावर दरोडा पडला आहे.

काल मी माझी नथ काढली, रोशनीच्या नथीशी मिळवून बघायला. आपल्या लग्नातली. तुमच्या बापाने काढलेला मोती. धुतली, पुसली, आणि हात सवयीचा, दाताला लावली. सरकला! रोशनी, उद्गारचिन्ह दे, इथे दिलं पाहिजे. तुमच्या बापाचा मोती माझ्या दातावर काचेच्या गोटीसारखा सरकला.

मला लगेच कळलं. तीन महिन्यांपूर्वी नथीची तार बसवायला सिल्वासाच्या सोनाराकडे दिली होती. त्याने मोती बदलला. मी समाधानला पाळीवरून आल्या आल्या, चप्पलही काढू न देता, स्कूटरवर बसवलं. सोनाराला दुकानातच विचारलं. तो म्हणाला, "माजी, ऐसा नहीं है." मी म्हटलं, माझ्या दाताला तू हिंदीत खोटं ठरवू नको. गिऱ्हाइकं थांबली. त्याने भिंग लावलं, दिव्याखाली धरलं, म्हणाला, "बा, मोती साचो छे." मी म्हटलं, आता गुजरातीत सांगितलंस म्हणून खरं होत नाही. समाधान बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभा राहिला. तो माझा मुलगा आहे हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

घरी येऊन मी सगळं घासलं. समाधानच्या बायकोच्या कानातले घासले, सरकले. माझ्या आईची मोत्याची कुडी घासली, सरकली. ती तर माझ्या आईने स्वतः उघडलेल्या शिंपल्यातली. मग कमळाबाईची वापीची नथ घासली, तीही सरकली. अगदी तशीच. जगात एक खरा मोती उरला नाही की काय? कुणीतरी माझ्या पेटीतले सगळे मोती बदलून नेले आहेत, माझी खात्री आहे. समाधानच्या बायकोला मी काही म्हटलेलं नाही. फक्त बघितलं. तिने रात्री भाजीत मीठ घातलं नाही.

तुम्ही असता तर पेटीजवळ झोपला असता.

तुमची,
जिची पेटी लुटली ती


नरोली
१४ मार्च

समाधानच्या बापास,

मागच्या पत्रातला दरोड्याचा भाग सदाशिव भाऊंनी वाचून दाखवला नसेल तर दाखवू नका. वाचून दाखवला असेल तर विसरा.

चोर सापडला. घरातलाच होता. जास्त लिहीत नाही.

रोशनी म्हणते, लिहावं लागेल, नाहीतर मी लिहिते. ती दमदाटी करते. ही तुमच्यावर गेली आहे. तर झालं असं, की ती काल कामावरून आली, मी पेटी पसरून बसले होते, तिने माझ्या हातातून नथ घेतली आणि आपल्या दाताला लावली. म्हणाली, "आजी, हा तर रवाळ लागतो." मी म्हटलं, तुला काय कळतं. ती म्हणाली, "कवळी काढ." मी म्हटलं, पाहुण्यांसमोर? ती म्हणाली, "पाहुणे कुठे आहेत?" खरंच नव्हते.

काढली. हिरडीवर काही कळत नाही, हिरडी मऊ. पण मग तिने कवळी हातात घेतली, कवळीवर आधी नथ घासली, मग स्टीलचा चमचा घासला, मग शर्टाचं बटण घासलं. म्हणाली, "बघ. सगळं सारखंच. हे दात तुझे नाहीत, आजी. हे दात प्लास्टिकचे आहेत, त्यांना काय माहीत मोती."

मला यावर एवढंच म्हणायचं आहे, की दात बसवणाऱ्या डॉक्टरने आधी सांगायला पाहिजे होतं. त्याने विचारलं, आजी, काय काय खाता? मी सांगितलं, भाकरी, शेंगदाणे, ऊस. मोती घासता का, असं त्याने विचारलंच नाही. ही त्याची चूक.

साखरपुड्यातला मोती मी आता ठरवलं आहे की खरा होता. घेऊन या.

सुनेला कालपासून मी दोन वेळा चहा करून दिला. ती पिते, पण माझ्याकडे बघून पिते.

तुमची,
तीच


नरोली
३ एप्रिल

समाधानच्या बापास,

'ठरवलं आहे म्हणजे काय? मोती तू ठरवलास म्हणून खरा होतो का? आजवर तापीने ठरवला.' हे तुमचं उत्तर. सदाशिव भाऊंनी या वेळी उपरोक्त घातलं नाही, त्यावरून तुम्ही किती तापून बोललात ते कळलं.

आणि पुढे काय, तर जुना मोती तुम्ही पाठवणार नाही. टोपीतच ठेवणार. साखरपुड्यात ज्या मोत्याला काच म्हटलं तो मोती नातीच्या नाकात घालायचा म्हणजे पाहुण्यांना पुन्हा हसायला बोलवायचं. नवा काढणार, चारचौघांसमोर काढणार, तोच नथीत बसेल. रोज सकाळी उतरता म्हणे. परवा दोन पुरुष खोल गेलात, काल डोहाच्या मधोमध. गोकुळ दोर धरतो.

गोकुळ म्हणजे तुमच्या भावाचा मुलगा. ज्याने मागच्या वर्षी बैल पाण्यावर नेले आणि दुसऱ्याचे घेऊन घरी आला, तोच.

सदाशिव भाऊ, इथून पुढचं गोकुळला वाचून दाखवा. यांना दाखवलं नाही तरी चालेल.

गोकुळ बाबा, दोर हाताला गुंडाळू नको. झाडाला तर बांधूच नको, झाडाला काय कळतं. दोर तळहातावर नुसता ठेवायचा, बोटं सैल, जसं कुणाची नाडी बघतो तसं. एक झटका आला म्हणजे सापडलं, थांब. दोन आले की ओढायचं. झटका यायची वाट बघत मोबाइलमध्ये बघायचं नाही. आणि तुझे काका पाण्यात उतरले की तूही श्वास धर. वर बसून, तोंड मिटून, त्यांच्याबरोबरच धर. तुझा संपला की दोर ओढ, झटका आला नसला तरी ओढ. मी तसंच करायचे. ते वर येऊन चिडायचे, "माझा अजून होता की." मी म्हणायचे, तुमचा असेल, माझा नव्हता. त्यावरून आमचं भांडण व्हायचं, ओल्या अंगाने, सगळ्या काठासमोर. होऊ दे भांडण. काकांशी भांडायला घाबरू नको. जमिनीवर ते हट्टी आहेत, पण दोराशी हट्ट करत नाहीत, तो ओढला की येतात.

आणि डाव्या कानात त्यांना तेल घालायला सांग. तू सांगू नको, ते तुझं ऐकणार नाहीत. कुणीतरी मोठ्या माणसाने सांगावं.

रोशनी विचारते, आजी, तुला भीती वाटते का? मी म्हटलं, भीती कसली, मला दोराची काळजी आहे, दोर महाग असतो. तिने लिहिलं का बघा. मला वाटतं तिने दुसरंच काही लिहिलं.

(रोशनी: आजोबा, आजी चार दिवस जेवणात अर्धीच भाकरी खाते. कवळी दुखते सांगते. कवळी डब्यात असते.)

कमळाबाईने वापीहून दुसरी नथ आणली, आधीची लहान वाटली म्हणे. संजू बिचारा तिच्या मागे उभा राहून रोशनीला हाताने नाही नाही म्हणत होता. मुलगा चांगला आहे. तुम्ही बोलला नाहीत त्याच्याशी अजून धड, तुम्हाला बट्टी टाकून जाण्याचं काम होतं.

तुमची


नरोली
९ एप्रिल

समाधानच्या बापास,

तुमच्या पत्राची वाट बघितली नाही. हे पत्र आणि मी एकाच वेळी पोचू, बहुतेक मी आधी.

गोकुळचा फोन आला. म्हणाला, काकू, काका म्हणतात, 'तिला एवढी खात्री करायची आहे तर ये म्हणावं काठावर, धर म्हणावं दोर, उघड म्हणावं शिंपलं, मग कळेल.' म्हणजे बोलावलंत. तुम्ही मला बोलावलंत असं मी धरलं आहे, तुम्ही काय म्हणून बोललात ते तुमचं तुम्ही बघा.

समाधान म्हणतो, आई, या उन्हात बसने कुठे जातेस. मी म्हटलं, मोती आणायला. तो म्हणाला, आणि बाबा? मी म्हटलं, ते टोपीखाली असतीलच.

गोकुळला म्हणावं दोर मला दे आणि बाजूला हो.

मी


मुक्काम गाव, तापीकाठ
१७ एप्रिल

चि. रोशनी,

आता लिहिणारे बदलले. सदाशिव मास्तर लिहीत आहेत. अक्षर म्हणे मोत्यासारखं आहे, मी म्हटलं, तसं म्हणू नका, मला अक्षर घासता येत नाही. तुझे आजोबा ओट्यावर झोपले आहेत, घोरतात, म्हणून आत्ताच लिहून घेते.

मी उतरले तेव्हा ते टपरीवर होते. मला बघून म्हणाले, "आलीस." मी म्हटलं, "आले." मग ते उठून घरी गेले आणि मी टपरीवर चहा प्यायले. एवढं स्वागत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर गेलो. पाच जण होते, पंच म्हणून बोलावलेले, आणि पंचांपेक्षा चहाला आलेले जास्त. गोकुळने दोर आणला. मी हातात घेतला आणि बघितलं, तर दोर नवाकोरा. दुकानाचा कागद अजून टोकाला चिकटलेला. पाण्याचा डाग नाही, शेवाळ नाही. महिनाभर रोज डोहात उतरलेला म्हणे हा दोर. मी गोकुळकडे बघितलं. त्याने आकाशाकडे बघितलं.

मग माझ्या लक्षात आलं, बाई. तुझ्या आजोबांनी दिवाळीनंतर तो मोती काढला तीच शेवटची बुडी. त्यानंतर छातीत दम राहिला नाही. रोज सकाळी टॉवेल घेऊन काठावर यायचे, पाय पाण्यात सोडून बसायचे, आणि दुपारी मास्तरांना सांगायचे, लिहा, आज दोन पुरुष खोल गेलो. मास्तर लिहायचे. सदाशिव भाऊ, मान काय हलवता, लिहा. गावातल्या कुत्र्यालाही हे माहीत होतं. एक मीच नरोलीत बसून अर्धी भाकरी खात होते.

मी म्हटलं, "चला, उतरा. मी दोर धरते."

ते म्हणाले, "आज वारा आहे."

मी म्हटलं, "उद्या धरते."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाणी गढूळ आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आज शनिवार. मी म्हटलं, "मारुतीला तुमच्या बुडीचं काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलं आहे. मलाही कळलं की त्यांना ते कळलं. पण पंच बसलेले होते, रोज दोन-चार वाढत होते, आणि तुझ्या आजोबांचं आयुष्य त्या डोहावर गेलं आहे. त्या माणसाला चारचौघांसमोर 'आता होत नाही' असं म्हणायला लावायचं? साखरपुड्याला एकदा मान खाली घालायला लावली तेवढं पुरे. तेव्हा खरे दात नव्हते, आता अक्कल तरी असावी.

त्या दुपारी मी त्यांची टोपी धुतली. बरीच मळली होती. आतली शिवण उसवली, नीट धुता यावी म्हणून. मग परत शिवली. मास्तर विचारतात, मध्ये काय निघालं? मळ निघाला, लिहा.

रविवारी सकाळी मी म्हटलं, "आज वारा नाही, पाणी स्वच्छ आहे, वारही चांगला आहे. आणि मला आज खोल पाण्याची भीती वाटते, तुम्ही काठाच्या जवळच उतरा. माझ्यासाठी." हे मी मोठ्याने म्हटलं, पंचांना ऐकू जाईल असं. ते म्हणाले, "बायकांना भीती वाटतेच." आणि उतरले. कंबरेपर्यंत. मग गुडघे वाकवले, नाक धरलं, आणि बसले खाली.

मी श्वास धरला. सवय जात नाही. टोपी नसलेलं डोकं बुडालं ती जागा पाण्यावर नुसती हलत होती. दोराला ना एक झटका आला ना दोन. माझा श्वास लगेच संपला, आता माझाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी ओढलं. ते वर आले, खोकले, आणि म्हणाले, "माझा अजून होता." मी म्हटलं, "माहीत आहे."

हातात चिखल आणि त्यात एक शिंपलं. काळं, साधं, माझ्या तळव्याएवढं. सगळे पुढे सरकले. मी म्हटलं, मागे व्हा, सावली पडते. मग मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, सुरी घातली आणि उघडलं. घरच्या रीतीने उघडायचं माझंच काम, त्यात कुणाला बोलायला जागा नाही.

आणि मोती निघाला. गोल, दुधाळ, एका बाजूला किंचित पिवळा.

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "तानूबाई, मोती कोरडा कसा?" मी म्हटलं, उन्हाचा. तो म्हणाला, "आणि याला हा कापसाचा तंतू?" मी म्हटलं, दोन्ही काठांना सगळा कापूसच पेरता तुम्ही, नदीत जाणार नाही तर कुठे जाईल. त्यावर तो बसला. मास्तर, हसू नका, शाई सांडेल.

तू विचारशील, टोपीतला जुना मोती कुठे आहे. तू शहाणी आहेस, विचारू नको.

तुझ्या आजोबांनी मोती हातावर घेतला. एका बाजूचा पिवळेपणा बघितला. त्यांनी काढलेला मोती ते ओळखणार नाहीत होय? बराच वेळ बघितला. मला वाटलं आता बोलतात. आयुष्यभर हा माणूस नको तिथे बोलला आहे. पण नाही. मग मोती माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घास."

मी घासला. कवळीवर. काय लागायचं ते लागलं, म्हणजे काहीच लागलं नाही. मी म्हटलं, "रवाळ आहे. खरा."

बाई, माझ्या दाताने आजवर कधी मुद्दाम खोटी ग्वाही दिली नाही. ही पहिली. पण बोलले ते खरंच होतं, मग ग्वाही खोटी कशी म्हणायची, हे तू तुझ्या कंपनीतल्या शिकलेल्या माणसांना विचार. मला उत्तर नको.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. ते कानात तेल घालून घेत होते. म्हणाले, "तानू, मोती कुठला गं?" नावाने हाक मारली. समाधान झाल्यापासून मारली नव्हती.

मी म्हटलं, "तापीचा. तुम्ही काढलेला."

"मग साखरपुड्याला का नाही म्हणालीस?"

"दात नवे होते," मी म्हटलं. "त्यांची तुमची ओळख नव्हती."

ते हसले का, ते मला दिसलं नाही, तेल घालताना मान तिकडे होती. खांदे हलत होते.

आम्ही गुरुवारच्या बसने दोघं येतो. सोनाराकडे मी येणार नाही, तू आणि संजू जा, त्याला माझ्याकडून काय सांगायचं ते तुझ्या मनाने सांग, पण फार नम्र होऊ नको. कमळाबाईच्या दोन्ही नथी परत देऊ नको, एक तिलाच लग्नात घालायला सांग, शोभेल. आजोबांसाठी अंथरूण माझ्या बाजूला घाल, खिडकीकडचं, त्यांना कंपनीच्या भोंग्याने जाग येते. आणि लग्नात त्यांना बट्टी तूप घालून वाढ, आणि संपेपर्यंत समोर बस.

तुझी,
आजी

ता. क. पत्र लिहिणार सदाशिव, निवृत्त शिक्षक. शिंपलं उघडलं तेव्हा मी हजर होतो, पण त्या वेळी मी नदीपलीकडे बघत होतो. हे वाक्य तानूबाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं आहे. वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं.